जबानी, कादंबरी आणि फाशी

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की शहराची गर्दी सरता सरता होसकोटे लागते. कन्नडात होस म्हणजे नवे आणि कोटे म्हणजे किल्ला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मेगौडाने इथे किल्ला बांधला, त्यावरून हे नाव पडले. मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके नाही. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत बंगळूर, कोलार यांच्याबरोबर होसकोटेही होते. १७६१ मध्ये बसालतजंगाने या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा हैदरअलीने त्याच्याशी सौदा जमवून आपल्या पदरात नबाबी पाडून घेतली. १७६८ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या मुरारराव घोरपड्यांची छावणी इथेच पडली होती आणि हैदरने तिच्यावर रात्री छापा घातला. इंग्रजी लष्करी कागदांत हे गाव ‘ऊसकोटा’ या रूपात सापडते.

किल्ले, वेढे आणि छापे यांचा हा इतिहास गॅझेटियरमध्ये सहज मिळतो. याच रस्त्याचा दुसरा एक इतिहास आहे. तो लढायांचा नाही, गुन्ह्याचा आहे. आणि गुन्ह्याची कथा कशी तयार होते याचाही आहे. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बंगळूरच्या आसपास सुमारे शंभर माणसे पकडली गेली. प्रवाशांशी गोड बोलून सलगी करायची, दोन-चार मुक्काम त्यांच्याबरोबर चालायचे आणि सोयीची जागा येताच गळ्यात फास टाकून त्यांना मारायचे, असा त्यांच्यावरचा आरोप होता. त्यांना ‘फांसीगार’ म्हणत. आपल्या मराठीत फासेगार. पकडणाऱ्यांना तेव्हा ही नेहमीच्या वाटमाऱ्यांची एक मोठी टोळी वाटली आणि विषय तेवढ्यावर राहिला. पुढे चाळीस वर्षांनी, १८३९ मध्ये, लंडनमध्ये एक कादंबरी निघाली आणि या माणसांचे उत्तरेकडचे नाव जगभर झाले: ठग. बंगळूरजवळची ती अटक आणि लंडनमधली ती कादंबरी यांच्यामध्ये काय काय घडले, ते पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

रहस्यकथांमध्ये एक कथानक पुन्हा पुन्हा येते. एक कादंबरीकार गुन्ह्यावर पुस्तक लिहायला घेतो, माहिती काढत फिरतो आणि ती माहितीच त्याच्या जिवावर उठते. वाचकाला हे कथानक आवडते, कारण त्यात लिहिण्याला किंमत मोजावी लागते. आपल्या भागात ते निव्वळ कल्पनेतले राहिलेले नाही. कोल्हापुरात शिवाजी महाराजांवर पुस्तक लिहिणारे गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात वचनसाहित्याचे आणि शिलालेखांचे अभ्यासक एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घरी गोळी घातली गेली. ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरात गौरी लंकेश यांना घराच्या दारात मारण्यात आले. त्यामुळे शोध घेणाऱ्याचा जीव जातो, हे इथल्या मराठी किंवा कन्नड वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. ठगांच्या कादंबरीची गोष्ट मात्र उलट्या दिशेने जाते. तिथे कादंबरीकाराला काही झाले नाही. त्याला कीर्ती मिळाली, पुढे मोठी पदे मिळाली. ज्यांच्या तोंडून त्याने कथा ऐकली आणि ज्यांची नावे त्या कथांतून बाहेर आली, त्यांचे जीव गेले. एकच जबानी इकडे कादंबरीची सामग्री होती आणि तिकडे खटल्याचा पुरावा होती.

आधी दक्षिणेतला धागा पुरा करू. १८०७ मध्ये चित्तूर आणि अर्काट यांच्या दरम्यान काही फासेगार पकडले गेले. त्रावणकोरकडून लूट घेऊन ते परतत होते. बंगळूर, होसकोटे, कोलार असे करत पूर्वेला जाणारा रस्ता याच मुलखात उतरतो. त्यांच्यापैकी काहींनी तोंड उघडले आणि चित्तूरच्या मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत त्यांच्या जबान्या जमू लागल्या. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरचा शल्यवैद्य रिचर्ड शेरवूड याने या साऱ्या माहितीवरून एक निबंध लिहिला. तो १८१६ मध्ये मद्रासच्या एका वाङ्मयीन नियतकालिकात आला आणि १८२० मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तेराव्या खंडात पुन्हा छापला गेला. बंगळूरजवळच्या १७९९ च्या अटकेची आठवणही शेरवूडच्याच लेखनातून टिकून राहिली. हैदरने अशा लोकांना पकडून झटपट निकालात काढले आणि टिपूच्या काळात काहींना सक्तमजुरीची, तर काहींना अवयव तोडण्याची शिक्षा झाली, असेही तो नोंदवतो.

या निबंधात भाषाप्रेमी वाचकाने थांबावे अशी एक जागा आहे. फासेगारांना तमिळ, कन्नड आणि तेलुगूत काय म्हणतात, ते शेरवूड देतो. त्याने दिलेले कन्नड नाव ‘तंती कळ्ळरु’, म्हणजे तारेचा किंवा तातेचा फास वापरणारे चोर. तेलुगू नावाचा अर्थही फासवाले असाच आहे. ज्या गोष्टीला तीन-चार भाषांत वेगवेगळी नावे असतात, ती लोकांना आधीपासून ठाऊक असते. साहेबाला जो शोध वाटला, तो रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना जुनाच धोका होता. नवे होते ते एवढेच, की तो धोका आता कागदावर आला होता, आणि कागदावर आलेली गोष्ट एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाऊ शकते.

प्रवासी सापडत कसे, हेही समजून घ्यायला हवे. त्या काळी रजेवर निघालेला शिपाई साठवलेला पगार कमरेला बांधून महिना-महिना पायी चालत असे. सावकारांचे लोक रोकड आणि जडजवाहीर घेऊन साध्या वेषात फिरत. एकट्याने जाण्यापेक्षा सोबत बरी, म्हणून वाटेत भेटलेल्यांबरोबर माणसे निघत. घरून निघालेला माणूस पोहोचला नाही हे कळायला महिने लागत आणि तो कुठल्या संस्थानाच्या हद्दीत नाहीसा झाला हे सांगणार कोण? १८१० मध्ये मेजर जनरल सेंट लेजर याने कंपनीच्या शिपायांसाठी खास हुकूम काढला होता, की रजेवर जाताना रोख पैसे बरोबर नेऊ नका आणि अनोळखी माणसांची सोबत धरू नका. या साऱ्यावरून एवढे निश्चित म्हणता येते, की वाटेवर माणसे मारली जात होती आणि फास टाकून मारणाऱ्या टोळ्या होत्या.

प्रश्न त्यापुढचा आहे. या टोळ्या म्हणजे एकच देशव्यापी, पिढीजात, एका देवीच्या नावाने माणसे मारणारा पंथ होता का? हे चित्र कुठून आले?

ते मुख्यतः जबान्यांमधून आले. १८१० च्या सुमारास इटाव्याचा मॅजिस्ट्रेट थॉमस पेरी याने पकडलेल्यांकडून कबुल्या घेतल्या. त्यांतला एक तर सोळा वर्षांचा मुलगा होता. त्या कबुल्या एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि वरच्या न्यायालयात टिकल्या नाहीत. नंतर सागर-नर्मदा प्रांतात विल्यम हेन्री स्लीमन आला. १८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा जमादार त्याच्या हाती लागला आणि माफीचा साक्षीदार झाला. तिथून यंत्र वेगाने फिरू लागले. पकडलेल्या माणसाला जीवदान मिळे, पण अट अशी, की त्याने सगळे सांगावे. सगळे म्हणजे साथीदारांची नावे, त्यांची गावे, नातीगोती, कोणत्या नाल्याकाठी किती माणसे पुरली, लूट कुणाला विकली. त्याने नाव घेतलेले लोक पकडले जात आणि त्यांच्यातून नवे माफीचे साक्षीदार निघत. एकाची जबानी दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहिली जाई. काही वेळा पुरलेली प्रेते खणून काढली जात आणि तो पक्का पुरावा ठरे. काही वेळा मात्र जबानीला आधार दुसऱ्या जबानीचाच असे.

इथे माफीच्या साक्षीदाराची स्थिती ध्यानात घ्यावी. जोवर त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे, तोवर तो उपयोगी. खोटे बोलला असे ठरले, तर माफी रद्द. तो मोकळाही होत नसे. जन्मभर कैदेतच राहायचे, फक्त गळ्याभोवतीचा फास सैल झालेला. अशा माणसाला काय सांगावे आणि किती सांगावे याचे गणित कळत नव्हते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ऐकणाऱ्याला काय ऐकायला आवडते, हे ओळखणे हा तर त्याच्या आधीच्या धंद्याचा पायाच होता. ठकास महाठक म्हणतात, तसा हा प्रकार होता. फक्त या खेळातली नाणी तिसऱ्याच माणसांच्या जिवाची होती.

स्लीमनने १८३६ मध्ये कलकत्त्याहून ‘रामसीयाना’ नावाचे पुस्तक छापले. ते मुळात ठगांच्या गुप्त भाषेचा कोश आहे. गळा आवळणाऱ्याला भुर्तोट, प्रवाशाला बोलण्यात गुंतवणाऱ्याला सोथा, खड्डा खणणाऱ्याला लुघा, मारण्याच्या ठरलेल्या इशाऱ्याला झिरनी, असे शेकडो शब्द त्यात आहेत आणि पुढे साक्षीदारांशी झालेले संवाद आहेत. पाचच वर्षांपूर्वी, १८३१ मध्ये, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत निघाला होता. दोन्ही कोश लष्करी अधिकाऱ्यांनी केलेले. एकाने मराठी माणसाची भाषा राज्यकर्त्यांना वाचता यावी म्हणून मांडली, तर दुसऱ्याने गुन्हेगाराची भाषा तुरुंगात बसून गोळा केली. कोशात शब्द आला, की त्याच्यामागे एक समाज आहे असे वाचणाऱ्याला वाटू लागते. सांकेतिक बोली सराफांची असते, दलालांची असते, तमाशावाल्यांचीही असते. पण ठगांच्या बोलीचा कोश झाल्यावर ठग ही जात झाली, आणि जात म्हटली की ती पिढीजात आलीच.

त्याच वर्षी कायदाही आला. १८३६ चा तिसावा कायदा सांगतो, की एखादा माणूस ठगांच्या टोळीत कधीही, कंपनीच्या हद्दीत किंवा हद्दीबाहेर, सामील होता असे सिद्ध झाले, तर त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. अमुक माणसाने अमुक दिवशी अमुक खून केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो त्यांच्यातला होता, एवढे पुरे. आणि तो त्यांच्यातला होता, हे सांगणार कोण? माफीचा साक्षीदार.

या टप्प्यावर आपला कादंबरीकार प्रवेश करतो. फिलिप मेडोज टेलर १८०८ मध्ये लिव्हरपूलला जन्मला. पंधराव्या वर्षी एका व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून मुंबईत आला. व्यापाऱ्याचा धंदा बसला होता, तेव्हा ओळखीने निजामाच्या फौजेत चिकटला. तो पोरसवदा वयातच आजच्या धाराशिव-लातूरच्या बाजूला पोलीस कामावर नेमला गेला. भाषांची त्याला हौस होती. हिंदुस्तानी, फारसी आणि मराठी तो शिकला. लोकांशी मिळूनमिसळून राहणारा साहेब म्हणून त्याचे नाव होते. १८२९ च्या आसपास त्याच्या मुलखात रस्त्याकडेला प्रेते सापडू लागली. त्याने तपास सुरू केला, पण तेवढ्यात पलटणीत परत येण्याचा हुकूम झाला. ठगांचे बिंग फोडण्याचा मान आपल्या हातून थोडक्यात गेला, ही खंत त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

पुढे त्याची पलटण हिंगोलीला होती. आज मराठवाड्यातल्या जिल्ह्याचे ठिकाण असलेले हे गाव तेव्हा निजामाच्या फौजेची छावणी होते. सागरहून माफीचे साक्षीदार निजामाच्या मुलखात आणले गेले आणि कॅप्टन रेनॉल्ड्सच्या हाताखाली चौकशी सुरू झाली. टेलरनेही जबान्या लिहून घेतल्या. हिंगोलीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित कापडव्यापारी होता. छावणीतले सगळे साहेब त्याला ओळखत, त्याच्याशी देवघेव करत. मुंबईहून माल आणायचा आहे म्हणून त्याने एकदा रीतसर परवाना घेतला. माल येत होता खरा, पण तो दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा होता. त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरे हाकणाऱ्यांना वाटेत मारून हरिसिंगाने तो माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले. पहाऱ्याच्या मुख्य चौकीपासून हाकेच्या अंतरावर माणसे मारून पुरली होती. साक्षीदार जागा दाखवत गेले, खड्डे उघडत गेले, आणि टेलर त्या वेळी जातीने हजर होता. हे सगळे त्याने आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगितले आहे.

अशा अनुभवातून गेलेल्या माणसाला हे चित्र अतिरंजित वाटेल, अशी अपेक्षा करता येत नाही. ज्याच्याकडून आपण कापड घेतले, त्यानेच ते कापड मेलेल्या माणसाकडून आणले होते, हे कळल्यावर कोणाचाही शेजाऱ्यावरचा विश्वास उडेल. टेलरची भीती खरी होती आणि ती प्रेतेही खरी होती. म्हणूनच त्याच्या कादंबरीची पकड इतकी घट्ट बसली.

टेलर १८३० च्या दशकाच्या अखेरीस रजेवर इंग्लंडला गेला आणि ‘एका ठगाची कबुली’ अशा अर्थाच्या नावाने १८३९ मध्ये त्याची कादंबरी तीन खंडांत निघाली. छपाई चालू असतानाच राणी व्हिक्टोरियाने तिची पाने वाचायला मागवली, अशी आठवण त्याने लिहिली आहे. कादंबरीचा नायक अमीर अली तुरुंगात बसून एका साहेबाला आपले आयुष्य सांगतो. लहानपणी ठगांनीच त्याच्या आईबापांना मारलेले असते आणि त्यांच्यातल्याच एकाने त्याला मुलासारखे वाढवलेले असते. तो मोठा होतो, देखणा आणि गोडबोल्या ठग होतो, एकामागून एक खून करतो. अखेरीस त्याला कळते, की आपण मारलेल्यांत आपली सख्खी बहीण होती.

प्रस्तावनेत टेलर सांगतो, की हा अमीर अली त्याला १८३२ मध्ये प्रत्यक्ष भेटला होता. सागरहून पाठवलेल्या माफीच्या साक्षीदारांपैकी तो एक होता. ७१९ माणसांच्या खुनांत आपला हात होता, असे त्याने टेलरला सांगितले आणि मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर आकडा हजारावर गेला असता, अशी हळहळही बोलून दाखवली. पुस्तकातले बहुतेक सगळे खरे आहे, कल्पना फक्त घटना जोडण्यापुरती वापरली आहे, अशी ग्वाही लेखक देतो.

आता हा ७१९ चा आकडा पाहा. तो अमीर अलीने सांगितला, साहेबाने लिहून घेतला आणि वाचकाने मान्य केला. तो तपासणार कोण आणि कसा? खुनी म्हणून ज्याची इतकी मोठी कीर्ती, तो साक्षीदार म्हणून तेवढाच मोलाचा. आकडा फुगवण्यात सांगणाऱ्याचा फायदा होता आणि ऐकणाऱ्याचाही. कादंबरीकाराला तर अशा नायकाहून अधिक काय हवे? तीन वेगवेगळ्या गरजा एकाच वाक्यात भेटल्या आणि ते वाक्य इतिहास म्हणून वाचले गेले.

याच प्रस्तावनेत दुसरेही आकडे आहेत आणि कादंबरीच्या वाचकांनी ते बहुधा उलटून टाकले असतील. कॅप्टन रेनॉल्ड्सने दिलेला तो तक्ता आहे. १८३१ ते १८३७ या काळात एकूण ३२६६ माणसे या कारवाईत सापडली. १०५९ जणांना पिनांग आणि अन्यत्र काळ्या पाण्यावर पाठवले. ४१२ जणांना फाशी दिले. ८७ जणांना सक्तमजुरीची जन्मठेप झाली. ३६ जण तुरुंगात मेले, ११ जण पळाले. खटला चालून सुटले ते फक्त ३२. माफीचे साक्षीदार झाले ४८३. आणि ९३६ जण अजून खटल्याची वाट पाहत कोठडीत होते.

हा तक्ता नीट वाचला, तर कादंबरीइतकाच अंगावर येतो. फाशी गेलेल्यांपेक्षा माफीचे साक्षीदार संख्येने जास्त आहेत. निकाल लागून सुटलेल्यांच्या पंधरापट साक्षीदार आहेत. त्या ४१२ जणांत हरिसिंगासारखे खुनी नक्कीच होते. पण त्यांत असाही कोणी असेल, ज्याच्याशी साक्षीदाराचे जुने वैर होते, ज्याने एकदा कमी वाटा दिला होता, ज्याच्याकडे लुटीचे भांडे नकळत विकत आले होते. त्यांची कथा कोणी लिहून घेतली नाही, कारण त्यांच्याजवळ सांगण्याजोगे काही नव्हते आणि न सांगणाऱ्याला माफी नव्हती. कादंबरीत एका अमीर अलीला तीन खंड मिळाले. या चारशे बारांना तक्त्यातली एक ओळ मिळाली.

मराठीत यासाठी एक विलक्षण जोडी आहे. फासेगार ज्याने मारतो तो फास आणि सरकार ज्याने मारते ती फाशी, दोन्ही एकाच शब्दातून आलेले. शेरवूडच्या निबंधाच्या शीर्षकातला ‘फांसीगार’ आणि रेनॉल्ड्सच्या तक्त्यातली फाशी यांच्यामधले अंतर इंग्रजी वाचकाच्या कानाला कळणारच नाही. आपल्याला ते कळते, कारण आपल्या भाषेत ते अंतर जवळजवळ नाहीच.

इतिहासकारांनी या साऱ्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहिले आहे. हिरालाल गुप्त यांनी १९५९ मध्येच दाखवायला सुरुवात केली, की ठगी ही प्राचीन धार्मिक संस्था म्हणून पाहण्यापेक्षा अठराव्या शतकाच्या अखेरच्या उलथापालथीच्या संदर्भात पाहायला हवी. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये माळव्याच्या संदर्भात लहानमोठ्या सत्तांचा आणि लुटारू टोळ्यांचा संबंध उलगडला. राधिका सिंघा यांनी ठगांविरुद्धच्या कायद्यांनी न्यायाची नेहमीची रीत कशी वाकवली ते मांडले. किम वॅग्नर यांनी २००७ मधल्या पुस्तकात मधला मार्ग धरला: ठग खरे होते, ते बेकार शिपाई, गरीब शेतकरी, जमीनदारांच्या आश्रयाने राहणारे हंगामी लुटारू होते, मात्र त्यांचा अखिल भारतीय पंथ ही कारवाई करणाऱ्यांच्या मनातली रचना होती. हा वाद संपलेला नाही, आणि संपणे अवघडही आहे. कारण सगळ्या बाजूंजवळ पुरावा एकच आहे, त्याच जबान्या.

टेलरने कायदा आणला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कायदा कादंबरीच्या आधी तीन वर्षे झाला होता. टेलर पुढे शोरापूर, नळदुर्ग, बुलढाणा असा फिरला. टिपू सुलतानावर त्याने १८४० मध्ये कादंबरी लिहिली आणि तुळजापूरच्या परिसरावर ‘तारा’ १८६३ मध्ये. त्या मुलखावर त्याचे प्रेम होते, हे त्याच्या आत्मचरित्रात पानोपानी दिसते. पण कायद्याच्या कलमाला चेहरा आणि आवाज लागतो, आणि तो त्याच्या कादंबरीने पुरवला. कलकत्त्याचा कोश किती लोक वाचणार? कादंबरी सगळ्यांनी वाचली. पॅरिसमध्ये युजेन स्यूने १८४० च्या दशकातल्या आपल्या गाजलेल्या कादंबरीत एक ठग घातला आणि त्याचे नावही फिरंगियावरून ठेवले. गुन्हा रक्तातून येतो, ही कल्पना वाचकांच्या मनात अशी घरोघर पोहोचली.

१८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, तेव्हा ही कल्पना तयारच होती. आता तर टोळीत सामील असणेही सिद्ध करायला नको. अमुक जमातीत जन्म झाला एवढे पुरे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की कायदेमंत्री जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याच्याच कारकिर्दीत हा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने घडवलेला पुराव्याचा कायदाही आला. पुराव्याचा तो कायदा सांगत होता, की पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही आणि गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष दुसऱ्या आधाराशिवाय विश्वासार्ह धरू नये, असे न्यायालयाला मानता येईल. कबुली आणि साथीदार या दोन्हींबद्दलची ही सावधगिरी सामान्य आरोपीच्या वाट्याला आली. ज्यांच्या माथी जन्मतःच शिक्का होता, त्यांच्यासाठी मात्र हजेरी होती, परवाना होता आणि पुढे तारेचे कुंपण होते. १९११ मध्ये तो कायदा मुंबई आणि मद्रास इलाख्यांपर्यंत पोहोचला. सोलापुरातला एक भाग अजून ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर हा कायदा रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या आणि पोलिसांच्या डोक्यातून निघालेला नाही.

टेलरने जिथे तरुणपणी पोलिसाचे काम केले, त्याच मुलखातून दीडशे वर्षांनी एक वेगळी ‘कबुली’ आली. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्याआधी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले होते. ‘उचल्या’त चोरी आहे, चोरीचे शिक्षण आहे, पोलिसांचा मार आहे, भूक आहे. लपवलेले काही नाही. टेलरच्या पुस्तकातही गुन्हेगार प्रथमपुरुषी एकवचनातच बोलतो. फरक असा, की अमीर अली साहेबासमोर बसून बोलतो. त्याच्या बोलण्यावर त्याचा जीव टांगलेला आहे आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात आहे. गायकवाडांच्या पुस्तकात समोर साहेब नाही. कबुलीच्या बदल्यात कोणती माफी मिळायची नाही आणि कोणाचे नाव घेतले म्हणून कोणाला दोर लागायचा नाही. म्हणून तिथे ‘मी’ या शब्दाला निराळे वजन येते. किती चोऱ्या केल्या याचा आकडा मोठा करून सांगण्याची गरजच त्या ‘मी’ला उरत नाही.

गुन्ह्यावर लिहिणारे आज बंगळुरात, पुण्यात, मुंबईत पुष्कळ आहेत. पोलिसांच्या फायली, आरोपपत्रे, कबुल्या, तुरुंगातल्या मुलाखती यांवर पुस्तके आणि मालिका उभ्या राहतात. वाचक त्या आवडीने घेतो आणि त्यात वावगे काही नाही. माणसाला गुन्ह्याचे कुतूहल असणारच. पण अशा प्रत्येक पुस्तकाला एक जुना प्रश्न विचारता येतो: हे बोलणारा कुठे बसून बोलतो आहे, त्याने हे न सांगितले असते तर त्याचे काय झाले असते, आणि त्याने ज्यांची नावे घेतली ते आता कुठे आहेत? टेलरच्या कादंबरीला हा प्रश्न तिच्या काळात कोणी विचारला नाही. उत्तराची सामग्री तिच्या पहिल्याच पानांत, एका तक्त्यात, छापलेली होती.

होसकोट्याच्या रस्त्यावर १७९९ साली पायी चालणाऱ्या शिपायाला सोबत्याची भीती वाटत होती आणि ती खोटी नव्हती. बंगळूरजवळ पकडलेल्या त्या सुमारे शंभरांपैकी किती जण फासेगार होते आणि किती जण नुसतेच वाटसरू, हे सांगणारा कागद त्यांच्या बाजूने लिहिला गेला नाही. त्यांच्याविषयीची ओळ एका शल्यवैद्याच्या निबंधात उरली. त्यांची नावे त्या ओळीत नाहीत.